बांधावरची काळी फळं

त्या झाडाचं नाव मला नको होतं. आजही हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघतात, जणू बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण खरं तेच आहे. आमच्या नदीकडच्या रानात, वरच्या बांधाला एक झाड होतं. दिवाळीच्या सुमाराला त्याच्याखाली काळी, बोराएवढी फळं पडायची. ती कसली, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि मला ते तसंच बरं होतं. कारण त्या झाडाच्या बुडाशी माझी पहिली लेक पुरलेली होती.

हे आधीच सांगून टाकते. म्हणजे एका झाडासाठी एवढा थयथयाट कशाला, असं पुढं कुणी विचारायला नको.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. लग्न होऊन मी शिरूर तालुक्यात आले, घोडनदीच्या काठाला. पहिल्या खेपेला ओटीभरण झालं, माहेरची माणसं न्यायला येणार होती, आणि त्याच्या आधीच पोटात दुखायला लागलं. सातवा सरत आला होता. शिरूरच्या दवाखान्यात पोरगी झाली, एक रात्र राहिली आणि गेली. मी अजून खाटेवरच होते. नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी तिला नव्या फडक्यात गुंडाळून घरी नेलं. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बारसंसुद्धा झालेलं नसतं, त्यामुळं नाव नसतं, दहावा नसतो, तेरावा नसतो. शेजारणी भेटायला येतात, त्याही 'वय हाय तुझं अजून' एवढंच म्हणून जातात.

घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, कुठं ठेवलं तिला? त्या म्हणाल्या, आईनं ती जागा बघायची नसते, पुढच्याला बाधतं. नवऱ्याला विचारलं तर तो उठून गोठ्यात गेला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली होती, पण करता काय. आठ-पंधरा दिवसांनी मी रानात भाकरी घेऊन निघाले, आणि वरच्या बांधाला मला बाभळीचे काटे दिसले. ताजे तोडलेले, गोल रचलेले, मधोमध एक चपटा दगड. कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून असे काटे टाकतात, वर दगड ठेवतात, आत मीठ घालतात. बांधाच्या मधोमध उगीच कोण काटे रचून ठेवील? मला कुणी सांगितलं नाही. मी काट्यांवरून ओळखलं.

पुढच्या पावसाळ्यात त्या दगडाला लागून एक कोंब आला. कुठल्यातरी पाखरानं बी टाकलं असणार. नांगरटीला ट्रॅक्टर आला तेव्हा चालवणारा पोरगा म्हणाला, बांध जरा कोरून घेऊ, नांगराची दोन तासं वाढतील. आबा काठी घेऊन मध्ये उभे राहिले.

"तेवढं सोडून घे," ते म्हणाले.

त्यांच्या उभ्या हयातीत माझ्या लेकीबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेले शब्द एवढेच. मला तेवढेही पुरले.

नाही, आणखी एकदा बोलले होते, पण ते सरळ तिच्याबद्दल नव्हतं. आमच्यापासून इनामगाव लांब नाही. आबा तरणे असताना तिथलं नदीकाठचं टेकाड खणलं जात होतं, तेव्हा ते पाट्या वाहायला जायचे. एकदा ओसरीवर शेंगा फोडता फोडता ते आपले आपणच सांगायला लागले. त्या जुन्या लोकांच्या घरांत, जमिनीखाली, मडकी निघाली. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत लहान पोरांची हाडं. चुलीपासून चार पावलांवर. खणणारी माणसं म्हणे पोटावर पडून बारीक ब्रशनं माती काढायची आणि बोलायची सुद्धा हळू. हजारो वर्षं ती पोरं तिथं होती, आबा म्हणाले, कुणी हलवली न्हाईत. मग शेंगांची टरफलं गोळा करून ते उठले. मला तेव्हा वाटलं, मोठं माणूस हे मलाच सांगतंय.

झाड वाढलं. फार देखणं वगैरे नव्हतं. काळपट, खरबरीत साल, खाली झुकणाऱ्या बारीक फांद्या, जोडीजोडीनं येणारी गुळगुळीत पानं. फुलं इतकी बारीक की कुणाच्या लक्षातही यायची नाहीत. आणि मग फळं. आधी हिरवी, मग लालसर, मग काळी. वरच्या बाजूला एक गोल कडं, कुणीतरी बांगडी दाबून उठवल्यासारखं. आत एकच टणक बी. खुरपायला आलेल्या बाया सावलीला बसायच्या आणि तर्क करायच्या. एक म्हणायची, करवंदाची जात. दुसरी म्हणायची, करवंदाला काटे असतात गं, हे रानजांभूळ. एकीनं तोंडात टाकून बघितलं, जरा गोड लागलं, मग जीभ सुकली, म्हणून थुंकून टाकलं. कुणाला काही झालं नाही. शेळ्या पाला खायच्या, त्यांनाही काही झालं नाही. ज्याचा उपयोग नाही आणि अपायही नाही, त्याची चौकशी आपल्याकडं कुणी करत नाही. त्या जोरावर ते झाड इतकी वर्षं उभं होतं.

मला पुढं दोन मुलगे झाले, दोघंही आता आपापल्या कामाला लागलेत. मी रोज रानात जायची तशी जायची. जेवायला त्या झाडाखाली बसायची. दगडावर पाण्याचा तांब्या ठेवायची. बाकी काही नाही, रडणं नाही, पूजा नाही. कुणाला कळायचंही नाही. नवरा समोर बसून जेवायचा आणि दगडाकडं न बघता जेवायचा.

मग आबा गेले आणि वाटण्या झाल्या. वरचा बांध आमच्या आणि धाकट्या दिराच्या मध्ये आला. दीर कारेगावला असतो, कंपन्यांना कामगार पुरवतो. बाहेरून आलेली पोरं त्याच्या हाताखाली आहेत, त्यांच्याशी हिंदी बोलून बोलून आता घरीसुद्धा मध्येच हिंदी फेकतो. माणूस वाईट नाही. पण मिरवायची हौस अशी की विचारू नका. रविवारी गाडी काढून रानात यायचा, कडक इस्त्रीचे कपडे, पायात पांढरे बूट, आणि बांधावर उभा राहून फोनवर मोठ्यांदा बोलायचा. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं.

अशाच एका रविवारी तो बांधावरून चालत आला आणि त्याच्या बुटाखाली फळं चिरडली. पांढऱ्या बुटाला जांभळा डाग. त्यानं एक फळ उचललं, उलटसुलट केलं, आणि मला विचारलं, वहिनी, हे कसलं फळ हो? मी म्हटलं, माहीत न्हाई, टाका, आसंल कसलंतरी. मी खरं तेच बोलले होते. पण ह्या माणसाला मोबाईल आल्यापासून काही माहीत नसणं सहनच होत नाही. त्यानं फळ तळहातावर घेऊन फोटो काढला. नखानं फोडून काढला. पानाचा काढला. मग मलाच फोन धरायला लावून झाडासमोर स्वतः उभा राहिला.

फोननं तीन नावं सांगितली, तिन्ही वेगळी. मग ते फोटो भावकीच्या ग्रुपवर गेले, तिथून गावाच्या, तिथून शेतकऱ्यांच्या कुठल्याशा मोठ्या ग्रुपवर. आठवडाभर नुसता धुमाकूळ. कुणी म्हणालं विषारी आहे, तोडून टाका. कुणी म्हणालं साखरेच्या आजारावर रामबाण. पाबळहून एकानं लांबलचक लिहून पाठवलं आणि शेवटी म्हणाला, नक्की सांगता येत नाही. दिराला तर चेवच चढला. मधल्या वारी सुद्धा फळं न्यायला येऊ लागला. मी बघत होते. दगडावर पाय देऊन तो फांदी वाकवायचा. एकदा म्हटलं, भावजी, त्या दगडावरून उतरा. तो हसून उतरला. कशाला म्हणाले, ते त्याला कळलं नाही. पोरगी गेली तेव्हा तो शाळेत होता. घरात त्याला कुणी काही सांगितलंच नसेल, की सांगितलेलं तो विसरला असेल, देव जाणे.

शेवटी दौंडकडच्या एका रोपवाटिकावाल्यानं ओळखलं. त्यानं आधी विचारलं, फळाच्या वर गोल कडं आहे का? पानं समोरासमोर जोडीनं येतात का? बी धुऊन, सुकवून फोटो पाठवा. दिरानं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी आवाजी निरोप आला, तो दिरानं मला बांधावरच मोठ्यानं ऐकवला. हे पांढरं चंदन आहे. दीर फांदी मोडून हुंगत होता, वास कुठं आहे म्हणून. निरोपातच पुढं उत्तर होतं. वास पानाला नसतो, फळाला नसतो, कोवळ्या लाकडाला नसतो. झाड जुनं झालं की आतल्या गाभ्याला आणि मुळाला येतो. आणि चंदन एकटं जगत नाही, शेजारच्या मुळांत आपली मुळं घालतं, त्यातून ओढून घेऊन वाढतं.

दीर नाचायचाच बाकी होता. मी घरी आले आणि ताटावरून तशीच उठले. त्याच्या मुळांखाली काय होतं ते मला ठाऊक होतं ना.

दुपारपर्यंत त्याचं स्टेटस लागलं. आमच्या रानात चंदन. झाडासमोर तो, हातात फळं, खाली गावाचं नाव, आणि वर जागेचं लोकेशनसुद्धा. रानात चंदन उभं आहे हे माणूस कुणाच्या कानावर जाऊ देत नाही, आणि ह्यानं दवंडी पिटली. मी फोन करून स्पष्ट सांगितलं, काढून टाका ते. तो म्हणाला, वहिनी, चांगली गोष्ट हाय, लोकांना कळू द्या की. नवऱ्याला म्हटलं, भावाला समजवा. बोलतो म्हणाला. बोलला नाही. भावाचं मन मोडायचं नाही म्हणून हा माणूस जन्मभर माझं मोडत आलाय.

लोक यायला लागले. गाड्या बांधाला लागायच्या. बाया हळद-कुंकू घेऊन आल्या, बुंध्याला लावून गेल्या. पोरं फोटो काढायची. कांद्याचं रोप तुडवलं गेलं त्याचं कुणाला काही नाही. एक म्हातारे गृहस्थ मला हात जोडून म्हणाले, पुण्याई असल्याशिवाय दारात आपोआप चंदन येत नाही, ताई. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पुण्याई. मी पाणी प्यायला दिलं.

मग एका सकाळी मला बुंध्याला, गुडघ्याच्या उंचीवर, एक भोक दिसलं. बोट जाईल एवढं, स्वच्छ, गोल. खाली लाकडाचा भुसा पडलेला. किड्याचं भोक असं नसतं. कुणीतरी गिरमिटानं आत गाभा धरलाय का ते तपासून गेलं होतं. मी दिराला सांगितलं. किडा असंल, तो म्हणाला. झाडाची सरकारी नोंद करून घेणार, मग कुणाची टाप आहे हात लावायची, असंही म्हणाला. त्या नोंदीला त्याला वेळ काही मिळाला नाही. नवऱ्यानं भोकात बोट घालून बघितलं, तडक गेला आणि बाभळीचे काटे तोडून आणून बुंध्याभोवती रचले. ते काटे मी ओळखले. त्यानं दुसऱ्यांदा रचले होते.

काटे बाजूला करायला कितीसा वेळ लागतो. थोड्याच दिवसांनी मी घास कापायला गेले आणि लांबूनच कळलं. जिथं झाड असायचं तिथं नुसतं आभाळ होतं. खोड नेलं होतं. फांद्या, पाला, फळं सगळं इकडं-तिकडं विखुरलेलं. आणि मुळासाठी खणलेलं होतं, चांगलं कमरेइतकं, ऐसपैस. दगड घरंगळत जाऊन कांद्याच्या वाफ्यात पडला होता.

मी खड्ड्यात उतरले. हातांनी माती उपसून बघायला लागले. काय शोधत होते, मला सांगता येणार नाही. फडक्याची चिंधी? एवढ्याशा जिवाचं इतक्या वर्षांनी काय राहणार? काहीच नव्हतं. काळी माती, तुटलेली बारीक मुळं आणि वास. इतकी वर्षं ज्या झाडाला कधी वास आला नाही, त्याचा वास तिथं भरून राहिला होता. चंदनाचा. देवघरात असतो तोच. तेव्हापासून मला तो सोसत नाही. कुणी कपाळाला गंध लावून शेजारी बसलं तरी मी उठून जाते. लोक म्हणतात, बाई नास्तिक झाली. म्हणू देत.

नवरा आला आणि त्यानं दंडाला धरून मला वर ओढलं.

"ती हितं न्हाई," तो म्हणाला. "आमी जरा पल्याड ठेवली व्हती तिला."

मी म्हटलं, पल्याड म्हंजी कुठं? दाखवा. त्यानं हात पुढं केला. हात जरा डावीकडं गेला, जरा उजवीकडं, मग खाली आला. इतक्या वर्षांत तो तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलला आणि ते बहुतेक खोटं होतं. माझ्यासाठीच बोलला असेल. तरी मला राग आला, अजून येतो.

दिरानं ठाण्यात कळवलं. दोघं आले, चांगली माणसं होती, उन्हात उभं राहून सगळं नीट विचारत होती. दीर पुढं होऊन बोलत होता. झाडाची जात, वय, घेर, सगळं त्याला तोंडपाठ. लिहिणाऱ्यानं शेवटी विचारलं, आणखी काही गेलंय का? दीर म्हणाला, न्हाई साहेब, बाकी काय न्हाई.

"त्या झाडाखाली माझी पोरगी पुरलेली व्हती," मी म्हटलं.

दिराचं तोंड उघडंच राहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला तेव्हा पटलं, आणि त्यानं माझा राग जराही कमी झाला नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. हातात पेन होतं म्हणून असेल, पण त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "नाव काय तिचं, मावशी?"

मला सांगता आलं नाही. नव्हतंच तर काय सांगणार? एका फळाचं नाव काढायला अख्खा तालुका आठवडाभर राबला होता. तिला एक नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही. मी आई, मलासुद्धा मनातल्या मनात नाही सुचलं. साहेब कागद मिटून निघून गेले.

इनामगावची ती मडक्यातली पोरं मला मग फार आठवायला लागली. तीही खणून काढलीच. पण खणणाऱ्यांना ठाऊक होतं की हे कुणाचंतरी लेकरू आहे. माझ्या लेकीला ज्यांनी उकरलं त्यांना लाकूड हवं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला दीर गाडीत चंदनाची रोपं घेऊन आला. जमिनीला मानवतंय, तर आख्ख्या बांधाला लावू म्हणाला. त्याच्या मनात भरपाई करायची होती, हे दिसत होतं. मी म्हटलं, बांधाच्या तुमच्या बाजूला काय ते लावा, खड्ड्याकडं फिरकू नका. खड्डा तोवर निम्मा भरत आला होता, आणि सांडलेल्या फळांतून त्यात बारीक रोपं उगवली होती. जोडीजोडीची गुळगुळीत पानं. आता मला लांबूनही ओळखता येत होती. मी खाली बसले आणि एकेक करून सगळी उपटली. शेळ्यांपुढं टाकली.

मग बाभळीच्या शेंगा आणून खड्ड्यात बी टोकलं. नवरा वाफ्यातून दगड उचलून घेऊन आला. मी सांगितलं नव्हतं. कुठं ठेवू, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुमी सांगा, तुमाला ठाऊक. त्यानं दगड खड्ड्याच्या मधोमध ठेवला.

बाभूळ आता कमरेला लागते. मागच्या रविवारी दीर बांधावर उभा होता, फोन खिशात, हात मागं बांधलेले. मला म्हणाला, "वहिनी, बाभूळ कशाला लावली? काय उपयोग तिचा?"

"कायबी न्हाई," मी म्हटलं. "म्हणूनच लावली."